कागदावर उतरलेले संत
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा लिखित मजकूर)



संयोजकांची अट होती की कुणीही आपल्या नोकरीबद्दल बोलायचं नाही. नोकरीबाहेर ज्याचा नाद लागला असेल त्याबद्दल बोलायचं, आणि पंधरा मिनिटांत आटपायचं. सॉफ्टवेअरची माणसं कामाबद्दल बोलायला लागली की थांबत नाहीत, हे त्यांना बहुधा अनुभवानं ठाऊक असावं. माझा नाद जुन्या छापील चित्रांचा. त्यातही युरोपात छपाईला नुकती सुरुवात झाली त्या काळातली, म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीची, साधुसंतांची चित्रं.

मला यात रस का, ते एका वाक्यात सांगते. माझ्या धंद्यात मूळ आणि प्रत यांत फरक नसतो. एका फाईलच्या शंभर प्रती काढल्या की शंभरही मूळच. माणसाला ही सवय फार जुनी नाही. एकाच चित्राच्या शेकडो सारख्या प्रती काढता येतात हे युरोपात सर्वसामान्य माणसाला पहिल्यांदा कळलं ते या संतांच्या चित्रांमुळे. तेव्हा लोकांनी त्या प्रतींचं काय केलं, हे मला बघायचं होतं.

आधी कृती सांगते, म्हणजे पुढचं सोपं होईल. चित्रकलेच्या तासाला आपण भेंडी आणि बटाटा कापून ठसे काढायचो. भेंडी नुसती आडवी कापली की फूल मिळायचं. बटाट्यावर मात्र कोरावं लागायचं, आणि जो भाग उंच राहील तोच रंगात बुडायचा. अक्षर काढायचं असेल तर ते उलटं कोरायला लागायचं. युरोपातल्या लाकडी ठशाचं तत्त्व अगदी तेच. नासपतीसारख्या घट्ट लाकडाची फळी घ्यायची, तिच्यावर चित्र काढायचं, रेघा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड खरवडून टाकायचं. मग रेघांवर शाई, वर कागद, आणि दाब. रंग नंतर हातानं भरायचे.

पण ठसा असून भागत नाही, कागद लागतो. युरोपात बरीच शतकं लिहायला आणि चित्र काढायला जनावराचं कमावलेलं कातडं वापरत. ते महाग. कागद व्हायचा जुन्या कापडाच्या चिंध्या कुटून. १३९० साली उल्मान श्ट्रोमर नावाच्या व्यापाऱ्यानं जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराबाहेर पाणचक्कीवर चालणारी कागदाची गिरणी सुरू केली. आल्प्सच्या उत्तरेला कागद हाताशी आला, आणि थोड्याच वर्षांत तिथे छापील चित्रं दिसू लागली. गुटेनबर्गचं बायबल १४५५च्या सुमाराचं. म्हणजे ग्रंथ छापून येण्याच्या आधी एक पिढीभर चित्रं छापली जात होती. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्या घरात छपाई आधी पोचली.

त्याआधी देवाचं चित्र बघायचं तर देवळात, म्हणजे चर्चमध्ये जायला लागे. घरी हवं असेल तर चित्रकाराला पैसे मोजण्याची ऐपत लागे. ते परवडत नसे त्यालाही आता आपल्या संताचं चित्र घरी नेता येऊ लागलं.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र संत ख्रिस्तोफरचं. त्यावर सालच कोरलेलं आहे, १४२३. ख्रिस्तोफरची कथा अशी की तो धिप्पाड माणूस लोकांना खांद्यावर घेऊन नदी पार करून द्यायचा. एका रात्री एका लहान मुलाला घेऊन निघाला. अर्ध्या पाण्यात ते मूल इतकं जड झालं की त्याचे पाय लटपटायला लागले. पलीकडे पोचल्यावर कळलं की तो बाळ येशू होता, आणि सगळ्या जगाचा भार त्याच्याबरोबर खांद्यावर होता. यमुनेतून जाणारा वसुदेव आपल्याला इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

चित्रात ख्रिस्तोफर मोठा, मधोमध, हातात झाडाएवढी काठी. उजव्या काठावर एक साधू कंदील धरून वाट दाखवतोय, आणि त्याच्या खाली बिळात ससा आहे. डाव्या बाजूला पाणचक्की आणि तिथे चाललेला माणूस, जनावर. खाली लॅटिनमध्ये दोन ओळी आहेत. त्यांचा अर्थ असा की ज्या दिवशी ख्रिस्तोफरचं मुख पाहाल त्या दिवशी तुम्हाला वाईट मरण येणार नाही. वाईट मरण म्हणजे अवचित आलेलं, पापांची कबुली द्यायलाही वेळ न देणारं मरण. प्लेगचा काळ होता. सकाळी धडधाकट असलेला माणूस दोन-तीन दिवसांत जाई. अशा वेळी हे चित्र शोभेसाठी लावलेलं नसे. रोज सकाळी त्याच्याकडे एकदा बघायचं आणि कामाला लागायचं. ब्रुसेल्सच्या संग्रहालयात त्याच काळातलं एक रंगवलेलं चित्र आहे. देवदूत मरियेला बाळ होणार असल्याचं सांगायला आला आहे तो प्रसंग. त्या खोलीत शेकोटीच्या वर भिंतीवर संत ख्रिस्तोफरचं छापील चित्र लावलेलं दाखवलंय. आपल्याकडे दाराच्या वर गणपती असतो, तसं.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. १४२३च्या त्या ठशाच्या किती प्रती निघाल्या असतील? एवढ्या कष्टानं फळी कोरायची ती पाच-दहा प्रतींसाठी नव्हे. तरी आज त्या ठशाची एकच प्रत माहीत आहे. ती मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. ती का टिकली? दक्षिण जर्मनीत बुक्सहाइम इथे एक मठ होता. तिथे कुणीतरी ते चित्र एका हस्तलिखिताच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं. पुस्तक मिटलेलं राहिलं, अंधारात राहिलं, म्हणून कागद राहिला.

बाकीच्या प्रती गेल्या, कारण त्या वापरल्या गेल्या. शेकोटीच्या धुरानं काळ्या पडल्या, हात लागून फाटल्या. आपल्या घरांतली कालनिर्णय आठवा. दर वर्षी लाखो छापली जातात, पण १९८५ सालचं आज शोधायला गेलं तर किती घरांत सापडेल? दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, मुलांच्या परीक्षा, सगळं त्यावर लिहिलं आणि वर्ष संपल्यावर त्यानंच पुस्तकांना कव्हरं घातली. ज्याचा उपयोग झाला ते संपलं. म्हणून संग्रहालयात जुन्या वस्तू बघताना मी स्वतःला बजावते की इथे उरलं आहे त्यावरून लोकांचं प्रेम मोजू नये. जास्त प्रेमाचं बहुतेक नाहीसं झालेलं असतं.

याला एक अपवाद आहे, आणि तो खास तुमच्यासाठी राखून ठेवला होता, कारण तो एका शाळेतला आहे. इटलीत फोर्ली नावाचं गाव आहे. तिथल्या एका शाळेच्या भिंतीवर मरियामाता आणि बाळ येशू यांचं लाकडी ठशाचं चित्र लावलेलं होतं. मध्ये आई आणि मूल, भोवती लहान-लहान आकारात बरेच संत. फेब्रुवारी १४२८मध्ये, ४ तारखेच्या रात्री शाळेला आग लागली. शाळा जळाली. भिंतीवरचा कागद वाचला. लोकांनी तो वाजतगाजत गावच्या मुख्य चर्चमध्ये नेला. दोनशे वर्षांनी, १६३६ साली, त्याच्यासाठी स्वतंत्र प्रार्थनागृह झालं. आजही तो तिथेच आहे. त्याचं नाव ‘मॅडोना देल फुओको’, म्हणजे अग्नीतली माता. ती त्या गावाची ग्रामदेवताच म्हणा. दर वर्षी ४ फेब्रुवारीला फोर्लीत लोक खिडक्यांत दिवे लावतात आणि बडीशेपेच्या वासाचा गोड पाव खातात.

आग लागली आणि कागद वाचला, याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला दुसरीच गोष्ट विलक्षण वाटते. आगीच्या आदल्या दिवशी ते चित्र वर्गातलं एक साधं चित्र होतं, त्याच ठशाच्या कितीतरी प्रतींपैकी एक. दुसऱ्या दिवशी ते एकमेव झालं. कागद तोच, शाई तीच. गावाचं त्याच्याशी नातं बदललं, आणि त्या नात्यानं प्रतीला मूळ करून टाकलं.

पुढे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायची रीत आली. ती लाकडी ठशाच्या उलट. इथे सोनाराच्या हत्यारानं पत्र्यावर खोल रेघ ओढायची, तिच्यात शाई भरायची, वरचा पत्रा पुसून काढायचा आणि ओला कागद जोरात दाबायचा. रेघेतली शाई कागद वर ओढून घेतो. या कलेतला एक थोर कारागीर नुसत्या ‘ई. एस.’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. बाकी त्याचं नावगाव नाही. स्वित्झर्लंडमधल्या आइनझीडेल्न या तीर्थक्षेत्रात १४६६ साली तिथल्या देवीच्या मंदिराच्या, म्हणजे मरियेच्या प्रार्थनागृहाच्या प्रतिष्ठापनेचा वर्धापन सोहळा झाला. त्यासाठी त्यानं तिथल्या मरियेचं चित्र कोरलं, तेही लहान, मध्यम, मोठं अशा तीन आकारांत. मोठं म्हणजेसुद्धा वीतभरच. यात्रेकरूनं आपापल्या खिशाप्रमाणे घ्यावं. पंढरपूर-तुळजापूरला तसबिरींचे आकार तसेच असतात. आपल्या आजच्या स्मरणिकेचं कूळ शोधायला निघालात, तर ते मेळाव्याहून घरी न्यायच्या अशाच कागदांत सापडेल.

एवढ्यावर थांबले असते तर भाषण गोड झालं असतं. पण या छपाईची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याशिवाय मी हा विषय तुमच्यापुढे आणला नसता.

१४७५ साली इटलीच्या उत्तरेला त्रेंतो शहरात सिमोन नावाचं दोनेक वर्षांचं मूल हरवलं. ईस्टरच्या सुमारास त्याचा मृतदेह एका ज्यू घराखालच्या पाण्यात सापडला. ज्यांच्या घरी सापडला त्यांनीच जाऊन वर्दी दिली. पण शहरात आधीच आवई उठली होती की ज्यूंनी आपल्या विधीसाठी ख्रिस्ती मुलाचा बळी दिला. हा आरोप युरोपात जुना होता आणि संपूर्ण खोटा होता. तिथल्या ज्यूंना पकडलं. असह्य छळ करून कबुली घेतली आणि पुरुषांना ठार मारलं. शहराचा सत्ताधारी बिशप हिंडरबाख यानं त्या मुलाला हुतात्मा संत म्हणून पुढे आणलं. पोपनं चौकशीसाठी पाठवलेल्या धर्माधिकाऱ्याला हे आरोप पटले नाहीत. पोपनं त्या वेळी मुलाची संत म्हणून भक्ती करायला मनाईसुद्धा केली.

मनाई पोचण्याआधी चित्रं पोचली होती. त्याच वर्षी त्रेंतोतच या प्रकरणाचं सचित्र पुस्तक छापलं गेलं. मग इटलीत आणि जर्मनीत सुटी चित्रं निघाली. या चित्रांची रचना बघा. मुलाचे हात क्रुसावरच्या येशूसारखे पसरलेले. बघणाऱ्याला ही आकृती लहानपणापासून ओळखीची. येशूकडे बघून जी करुणा दाटून यायची, ती एका क्षणात या चित्राकडे वळली, आणि करुणेच्या पाठोपाठ द्वेष आला.

१४९३ साली न्यूरेंबर्गमध्ये हार्टमान शेडेलचा जगाचा प्रचंड इतिहास छापून आला. त्या काळातलं सगळ्यात भरगच्च सचित्र पुस्तक. त्यात १८०९ चित्रं आहेत आणि ती ६४५ ठशांतून काढलेली आहेत. म्हणजे एकच ठसा अनेक ठिकाणी. एकाच शहराचं चित्र वेगवेगळ्या शहरांच्या नावाखाली, एकच दाढीवाला चेहरा कधी एका राजाचा, कधी दुसऱ्याचा. आमच्या धंद्यात याला पुनर्वापर म्हणतात आणि त्याचं कौतुक करतात. वाचकांनाही त्याचं काही वाटलं नसावं, कारण चेहरा ही तेव्हा ओळखीची खूण होती, पुरावा नव्हता. त्याच पुस्तकात न्यूरेंबर्ग शहराचं चित्र मात्र खरंखुरं आहे, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात श्ट्रोमरची ती कागदगिरणी दिसते. आणि त्याच पुस्तकात सिमोनचं चित्र आहे, आरोपींची नावं एकेकाच्या शेजारी छापून. खरी गिरणी, उसना राजा आणि रचलेला गुन्हा, तिन्ही एकाच शाईत, एकाच कागदावर. नावं छापलेली असली की माणसाला ते साक्षीसारखं वाटतं.

सिमोनच्या भक्तीला पुढे चर्चची मान्यताही मिळाली. ती शेवटी रद्द झाली १९६५ साली. १४७५ ते १९६५. एक खोटं छापायला महिने पुरले, आणि ते अधिकृतपणे मागे घ्यायला ४९० वर्षं लागली. मधल्या काळात त्या चित्राला हात जोडणारी माणसं वाईट नव्हती. त्यांना हे चित्र त्यांच्याच भरवशाच्या माणसांकडून मिळालं होतं. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. आपल्या वर्गाच्या गटावर रोज सकाळी काय-काय येतं ते मी वाचून दाखवणार नाही. पण ते पाठवणारंही आपलंच माणूस असतं, आणि खाली नावगाव दिलेलं असतं, म्हणून आपण ते पुढे ढकलतो. ठसा कोरायला निदान काही दिवस जायचे. हातातली फळी ठेवून द्यावी, असं मनात यायला तेवढा वेळ होता. माझ्या धंद्यानं तो वेळही शिल्लक ठेवलेला नाही. प्रत काढणं आम्ही इतकं सोपं केलं आहे की थांबायचं काम आता पूर्णपणे तुमच्या-माझ्यावर आहे.

शेवटी एका विद्यार्थ्याबद्दल सांगते. १५८० साली गोव्याहून जेझुइट पाद्री अकबर बादशहाच्या दरबारात फतेहपूर सिक्रीला पोचले. त्यांनी भेट म्हणून अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल नेलं होतं, त्यात कोरीव चित्रं होती. अशा वाटांनी युरोपातली छापील चित्रं मुघल चित्रकारांच्या हाती येऊ लागली. न्यूरेंबर्गचा महान कलावंत आल्ब्रेख्त ड्यूरर यानं १५११ साली तांब्यावर येशूच्या क्रुसाचं एक चित्र कोरलं होतं. त्यात क्रुसाखाली शोकाकुल उभा असलेला शिष्य योहान आहे. १६०० साली अबुल हसन नावाच्या मुघल चित्रकारानं त्या चित्रातला फक्त योहान उचलला आणि कागदावर उतरवला. तो कागद आज ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे. त्यावर चित्रकाराचं वय नोंदलेलं आहे. तो तेरावं वर्ष चालू असलेला मुलगा होता. म्हणजे आपल्या सातवी-आठवीतला.

त्यानं क्रूस घेतला नाही. ओळखीचा नसलेला धर्म, ओळखीची नसलेली कथा. त्यानं पाहिलं ते एका दुःखी माणसाच्या अंगावरच्या कापडाची प्रत्येक चुणी कशी पडली आहे, आणि एकमेकांत घट्ट गुंफलेली बोटं कशी दिसतात. पुढे हाच मुलगा जहांगीरच्या दरबारातला अव्वल चित्रकार झाला. सर आणि बाई, फळ्यावरचं वहीत उतरवून घ्या, असं तुम्ही आम्हाला वर्षानुवर्षं सांगितलंत. तेव्हा ती आम्हाला शिक्षा वाटायची. अबुल हसनचं चित्र पाहिल्यापासून मला वाटतं की प्रत काढणं हे नीट बघण्याचं दुसरं नाव आहे, मात्र ती हातानं आणि डोळे उघडे ठेवून काढली तर.

तर एकाच तऱ्हेच्या कागदानं काय-काय केलं, ते तुम्ही ऐकलंत. ख्रिस्तोफरनं घाबरलेल्या माणसाला दिवस काढायचं बळ दिलं. फोर्लीच्या शाळेतल्या आईनं एका गावाला एकत्र ठेवलं. सिमोनच्या चित्रानं निरपराध माणसांच्या माथी खून मारला आणि तो शतकानुशतकं तिथे ठेवला. आणि ड्यूररच्या योहानानं एका तेराव्या वर्षातल्या मुलाला बघायला शिकवलं. प्रत स्वस्त असली म्हणून तिच्यामागची श्रद्धा स्वस्त ठरत नाही, आणि प्रती पुष्कळ निघाल्या म्हणून त्यातली गोष्ट खरी ठरत नाही. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी लक्षात ठेवाव्याशा वाटतात.

जाता जाता एक विनंती. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, एखाद्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत आपल्या शाळेतला काही कागद चिकटून राहिला असेल, तर तो उखडून काढू नका. आहे तिथेच त्याचा फोटो काढा आणि संयोजकांकडे द्या. कुठे चिकटला होता, हेही लिहा. कागदाइतकीच ती जागाही सांगण्यासारखी असते.

पंधरा मिनिटं झाली. एवढं बोलून मी थांबते.